पाण्यावरचा पहारा

मोर रात्री झाडावर झोपतो, आणि तिथे तो उडून जातो. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी मोर म्हणजे नाचणारा पक्षी. मोरदऱ्याच्या माणसाला विचारा. दिवस टेकला की टेकडीवरून मोर उतरतात, देवळामागच्या लिंबांखाली जमतात, मान उंच करून फांदी हेरतात. मग एवढं मोठं धूड, मागे चार हातांचा पिसारा घेऊन, फडाफडा पंख मारत शेंड्याला जाऊन बसतं. दगडाला कुणीतरी पंख दिले असावेत असं ते उडणं. पाहणाऱ्याचा हात आपोआप कपाळाला जातो.

शिवकन्या एसटीतून उतरली ती नेमकी त्याच वेळी. साल दोन हजार त्रेचाळीस, फाल्गुन वद्य द्वादशी. खांद्याला पिशवी अडकवून ती लिंबांपाशी थबकली.

एका मोराने उडी घेतली. पंखांचा आवाज झाला, पण तो भरीव, दमदार आवाज नव्हे. फाटक्या सुपाने पाखडावं तसा. वारा पंखांखाली दाबला जाण्याऐवजी आरपार निघून जात होता. मोर पुरुषभर उंच गेला आणि छातीवर आपटला. पुन्हा उडाला, पुन्हा आपटला. पाचव्यांदा पडल्यावर उठला, अंग झटकलं आणि काही झालंच नाही अशा थाटात दाणे टिपू लागला. चारचौघांत घसरून पडलेला माणूसही असंच करतो. बाकीचे मोर तर उडायचं सोडूनच बसले होते. माना वर करून ते नुसते फांद्यांकडे पाहत होते, आणि टेकडीवर कोल्ही ओरडू लागली होती.

शिवकन्या पळतच देवळाच्या आवारात शिरली. सप्ताह संपला होता. सकाळी काल्याचं कीर्तन झालं होतं, पंगती उठल्या होत्या, आणि सुभद्राकाकू राखेने कढया घासत बसल्या होत्या.

"काकू, मोरचेलं कुठायत?"

"आली का गं बाई! काल्याला यायचं सोडून कढया घासायला आलीस व्हय?" काकू हसल्या. "मोरचेलं सोडली की पाण्यात, दुपारीच. एकशे आठ. काय देखणी दिसत व्हती म्हणून सांगू! तुझ्या बापानं औंदा हात धुऊन घेतला बघ."

शिवकन्या तिथेच पायरीवर बसली. काकूंना वाटलं, प्रवासाने पोरीला चक्कर आली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तो हातात धरला, पण पाणी काही प्यायली नाही.

*

मोरदऱ्याच्या मुरलीधराची सेवा क्षीरसागर गुरवांकडे. शिवकन्याचे वडील विश्वंभरआप्पा चाळीस वर्षं देवासाठी मोरचेलं बांधत आले. मोरपिसांचा जुडगा, त्याला वेताची मूठ. पालखीवर वारा घालायला, भक्ताच्या डोक्यावरून फिरवायला. या गावचा नेम कडक. जिवंत मोराचं पीस कधी उपटायचं नाही. जे आपोआप गळेल तेच देवाचं. आणि गळालेलं पीस दिवस मावळेपर्यंत जमिनीवर राहू द्यायचं नाही. ज्याला दिसेल त्याने ते उचलून आप्पांच्या ओसरीवर आणून ठेवायचं. श्रावण-भाद्रपदात मोर पिसारा टाकतात, तेव्हा गावाला दुसरं काम नसे. सप्ताह उठला की देवावर ढाळलेली मोरचेलं खालच्या धरणाच्या पाण्यात सोडायची, हाही त्यातलाच नेम.

त्या वर्षी पौषातच पिसं गळायला लागली. अवकाळी, आणि ढिगांनी. गाव हरखलं. देवाने ओंजळ उपडी केली म्हणाले. आप्पांनी लेकीला फोन केला. "गं शिवे, पौषात पिसं गळत्यात. काही आजार-बिजार तर न्हाई?" शिवकन्या तेव्हा मीटिंगच्या दारात उभी होती. "हवामान बदललंय आप्पा, पाखरांची घडी विसकटलीय. काळजी करू नका," म्हणाली आणि आत गेली. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. ते अर्धं मिनिट ती आयुष्यभर विसरणार नव्हती.

आता पीस म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पिसाला मधे एक दांडी. दांडीच्या दोन्ही अंगांना शेकडो पाती. पात्यापात्याला त्याहून बारीक तंतू, आणि त्या तंतूंना नुसत्या डोळ्याला न दिसणारे आकडे. हे आकडे शेजारच्या पात्याच्या तंतूंत अडकतात, पिशवीची चेन लागावी तसे. सगळ्या चेनी लागल्या की पीस एकसंध होतं, वारा अडवतं, पाणी अडवतं. पाखरू दिवसभर चोचीने पिसं विंचरतं ते काही नटायला नव्हे. सुटलेल्या चेनी लावत असतं बिचारं. आणि पीस एकदा पुरं वाढलं की नखासारखं निर्जीव. आकडेच तुटले तर ते पुन्हा फुटत नाहीत. वर्षातून एकदा गळून नवं येईल, तेव्हाच काय ते.

हे पीस ज्या केराटिनचं बनलेलं असतं, त्याला निसर्गाने गंधकाचे असे टाके घातलेत की पुरलं तरी वर्षानुवर्षं कुजत नाही. कोंबड्यांच्या कारखान्यांबाहेर पिसांचे डोंगर साठत होते. पुण्याजवळच्या ज्या कंपनीत शिवकन्या पंधरा वर्षं जीवाणू वाढवत होती, तिथे मातीतलाच एक पीस खाणारा जीवाणू घेऊन त्याची जनुकं बदलली. तो इतका वखवखला की टाकीभर पिसांचा दोन दिवसांत गाळ करी. गाळ भाजून त्याचं खत होई. सुरक्षेसाठी त्याला कुलूप घातलं होतं: चाळीस अंशांच्या खाली तो झोपी जाई, बीजाणू होऊन निपचित पडे. उघड्या जगात चाळीस अंशांची ऊब सतत कुठे मिळणार? कागदावर सगळं बरोबर होतं. पण रात्रंदिवस मेलेली पिसं हाताळणाऱ्या त्या शहाण्या माणसांना जिवंत पाखराची आठवणच राहिली नाही. पाखराचं अंग बेचाळीस अंशांवर असतं. जन्मभर.

कुठल्या तरी खेपेला खत भाजणं कमी पडलं. ते खत मोरदऱ्याच्या शेतात आलं, आणि मोर त्या धुळीत न्हाले. मोरांना धुळीत न्हायला फार आवडतं.

लोक त्याला पिसवाळवी म्हणू लागले. काळा रंग पिसाला चिवट करतो, म्हणून आधी बगळे पडले, मग पांढरी कबुतरं, मग फिकट तपकिरी सगळं. कावळे तेवढे शेवटपर्यंत उडत राहिले. खांबांवर बसवलेले सरकारी कान पाखरांचे आवाज ऐकून नकाशा काढत, आणि त्या नकाशावर गावंच्या गावं मुकी होत चालली होती. ही गावं अशी विखुरलेली का, हे कुणाला उमगत नव्हतं. एसटीने निघाली त्या दिवशी सकाळी ऑफिसच्या भिंतीवर शिवकन्याने तो नकाशा पाहिला आणि मनातल्या मनात नावं वाचत गेली. आडगाव, सोनखेड, पिंपरी, कासारी... साठ गावं. ही यादी तिनेच तर टाइप केली होती. माघात आप्पांनी साठ देवळांना मोरचेलं पाठवली, त्या पार्सलांवर चिकटवायला.

देवळादेवळात चिमण्या, पाकोळ्या घरटी करतात. पिल्लांखाली अंथरायला मऊ पिसं नेतात.

तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "खात्री होईपर्यंत कुठे बोलू नका." तिने वनखात्याला कळवलं. ते म्हणाले, पथकं साठ गावांत गुंतलीत, आठवडा लागेल. आप्पा सप्ताहात फोनला शिवत नाहीत. म्हणून तिने एसटी गाठली होती.

*

आप्पा ओसरीवर वेत तासत बसले होते. पुढच्या वर्षाच्या मुठी.

तिने सगळं सांगितलं. एका दमात, काही न लपवता. आप्पांचा सुरा थांबला.

"तूच म्हणालीस काळजी करू नका."

"हो आप्पा. मीच म्हणाले."

"मग आता?"

तिने कोपऱ्यातलं एक उरलेलं पीस उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. "डोळे मिटा आणि बोटांनी सांगा. हे कसंय?"

आप्पांनी डोळे मिटले नाहीत. पिसाला बोटही लावलं नाही. खाली बघत म्हणाले, "मला कशाला सांगायला लावतीस? म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"पौषापासून म्हाईत हाय. बोटं फिरवली की पीस जुळून यायचं, ते येईना. ढिलं पडलं व्हतं. मी दोरा जास्तीचा घातला, डिंक लावला." त्यांचा आवाज बारीक झाला. "चाळीस वरसं गावोगावची माणसं दारात येऊन मोरचेल मागत्यात. चाळीस वरसं मी न्हाई म्हणतोय, पिसंच पुरत न्हाईत म्हणून. औंदा पहिल्यांदा सगळ्यांना हो म्हणता आलं गं. तू म्हणालीस काळजी न्हाई. मी म्हणलं, पोरगी शिकलेली हाय, माझ्या बोटाचं काय घेऊन बसलो."

ओसरीखालून एक लांडोर चालत गेली आणि चुलीच्या आडोशाला, माणसांच्या अगदी जवळ येऊन बसली. एरवी ती असं कधी करत नसे.

"धरणावर किती आहेत अजून?" शिवकन्याने विचारलं.

कुणाबद्दल, हे आप्पांना सांगावं लागलं नाही. धरणावर दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून हंस येतात. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर काळ्या दोन पट्ट्या. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात, मोरदऱ्यात 'वरचे पाहुणे'. चैत्राच्या तोंडाशी ते परत निघतात आणि जगातल्या सगळ्यांत उंच डोंगरांवरून उडत जातात, जिथे हवा इतकी विरळ की माणूस चार पावलांत धापा टाकतो. तिथे प्रत्येक पीस जागेवर लागतं.

"हजार-दीड हजार असतील," आप्पा म्हणाले. "पल्याडच्या गाळावर बसत्यात. मोरचेलं सोडली घाटावर. पर वारं तिकडंच हाय."

"पिसांना लागल्यावर चार-पाच दिवसांत चेनी सुटतात. इथं लागलं तर ते डोंगरावर जाऊन पडतील आप्पा. कुठं पडले ते कुणाला दिसणारसुद्धा नाही. आणि जे पोचतील ते तिकडच्या सगळ्या पाखरांना देतील."

आप्पा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं. "चल देवळात. माझ्या तोंडानं सांगतो. तुझ्या तोंडानं ऐकून घ्यायचे न्हाईत."

*

सभामंडपात सप्ताह कमिटी सतरंज्या गुंडाळत होती. कीर्तनकार अंगद महाराज दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनाला निघायच्या तयारीत होते; अगडबंब देह, सात दिवस गाऊन घसा बसलेला, हातात गरम पाण्याचा पेला.

आप्पांनी सांगितलं. उभं राहून, देवाकडे पाठ न करता, हात जोडून सांगितलं की माझ्या हातची मोरचेलं विषारी निघाली, साठ गावांची पाखरं माझ्यापायी गेली. नंतर शिवकन्या बोलली. कंपनीचं नाव घेतलं, त्या फोनचंही सांगितलं.

कमिटीचे श्रीमंततात्या लाल झाले. "म्हंजे तुमच्या कंपनीचं खत, तुमच्या बापाची मोरचेलं, आन् आता निस्तरायचं कुणी? आम्ही?"

"तात्या, मोरचेलं काढता येतील तेवढी काढू. पण पाण्यात दोरे सुटले असतील, पिसं पसरली असतील. सगळी सापडायची नाहीत. एकच उपाय आहे. पाखरांना पाण्यावर बसू द्यायचं नाही. हाकलत राहायचं. ते दुसरं पाणी बघतील, नाही तर उत्तरेला निघतील. पण रात्रंदिवस, क्षणभरही खंड न पडता."

"पाव्हण्यांना हाकलायचं?" सुभद्राकाकू कळवळल्या. "आमच्या दारात आलेल्या?"

"किती दिवस?" तात्या गुरकावले.

"सहा-सात. वनखात्याचं पथक येईपर्यंत."

"आगं, कोण बसंल सात दिवस-रात? माणसं काय यंत्रं हायत?"

तेव्हा अंगद महाराज खोकले. पेला खाली ठेवला. सप्ताहात एक नियम असतो: वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, दोन-दोन तासांचा पहारा, दिवसा आणि रात्रीही. त्या पहाऱ्याचा तक्ता खांबावर अजून लटकत होता. गावातल्या घराघराचं नाव खडूने लिहिलेलं. महाराज त्या तक्त्यापुढे जाऊन उभे राहिले.

"तात्या, काय म्हणालात? सात दिवस कोण बसेल?" घसा बसलेला असूनही आवाज मंडपभर गेला. "काल मध्यरात्री दोन ते चार वीणा कुणाच्या गळ्यात होती? तुमच्याच ना? पेंगत होता, पण उभे होता. देवाला झोप लागू नये म्हणून आपण सात दिवस जागलो. बरं, देवाला काय आपल्या जागण्याची गरज? त्याच्या डोक्यावर जे पीस आहे, ते पाखराने दिलेलं आहे. आता पाखराला आपल्या जागण्याची गरज पडलीय. पुसा तो तक्ता. नवा लिहा. घाट, बाभळीचं टोक, पंपहाऊस, पल्याडचा गाळ. चार ठिकाणं. उद्या मला परभणीला कीर्तन आहे, त्यांना फोन लावा की महाराजांचा घसा गेला. खोटं नाही, गेलेलाच आहे."

श्रीमंततात्यांनी हाताने तक्ता पुसला. मग खडू उचलला आणि कुणाकडे न बघता पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.

*

चार दिवस धरणावर टाळ-मृदंग गाजले. थाळ्या, डबे, दवंडीचा ढोल. कोळ्यांनी तराफ्यांवरून जाऊन सापडली तेवढी मोरचेलं आणि पिसं वेचली आणि काठावर जाळली. तो जळक्या केसांसारखा वास दिवसभर जात नसे. हंस उठत. एकदम उठत, सगळं पाणी उचलल्यासारखे. मग आकाशात फाटे पडत, बाणाच्या टोकासारख्या रांगा जुळत, ते उंच गोल फिरत आणि पुन्हा उतरायला बघत. खाली माणसं हात वर करून ओरडत. हे हात एरवी नमस्कारालाच वर होणारे.

"आजवर श्रोते उठू नयेत म्हणून गायलो," महाराज कुजबुजत्या घशाने म्हणाले. "उठून जावेत म्हणून गायची ही पहिलीच पाळी."

पुष्कळ गेले. दुसऱ्या दिवशी अर्धेअधिक थवे उत्तरेला वळले आणि परतले नाहीत. पण जे उरले त्यांना आवाज सरावला. मग माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. बायका पदर खोचून उतरल्या. शिवकन्या काठावर दुर्बीण लावून बसे आणि प्रत्येक उड्डाण मोजे. डोंगर ओलांडायला पाखरांनी हिवाळाभर अंगात चरबी साठवलेली असते. तीच ते इथे घिरट्या घालण्यात जाळत होते. बसले तर पिसवाळवी, उडाले तर उपासमार. कुठलं कमी वाईट, ते तिला सांगता येईना, आणि लोक तर तिच्याच तोंडाकडे बघून हाकलत होते.

रोज संध्याकाळी गावात वेगळंच काम असे. मोर-लांडोरी धरून घरात घ्यायच्या. त्यांना औषध नव्हतं. नवी पिसं येतील ती श्रावणात. तोवर कोल्ह्यांपासून वाचवायचं. कोण बाजेखाली, कोण न्हाणीत. तरी रोज चार-दोन पाखरांची पिसं शिवारात विखुरलेली सापडत, आणि नेमाप्रमाणे दिवस मावळायच्या आत उचलून, आता, जाळली जात.

कंपनीतून तिला पत्र आलं. तिने ते उघडलं नाही. साहेबांचा फोन आला; तो घेतला आणि म्हणाली, "सर, मी पहाऱ्यावर आहे," आणि ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी एकच थवा उरला. चाळीसेक हंस. हे काही केल्या जाईनात. उठत, उंच जात, उत्तरेकडे तोंड करत, आणि मग त्यांतला पहिला ओरडे, रांग वाकडी होई, सगळे मागे फिरत. माणसं रडकुंडीला आली. सुभद्राकाकू पाण्यातच उभ्या राहून शिव्या घालू लागल्या, "जा की रे मेल्यांनो, जा की! मरायचंय का इथं?" आणि शिव्या घालता घालता ओंजळींनी पाणी उडवू लागल्या.

शिवकन्याने दुर्बीण आकाशावरून खाली आणली आणि पाणी निरखू लागली. मग तिला ती दिसली.

पंपहाऊसच्या मागे, पाणगवतात, एक हंसी होती. ती उठली नव्हती. तिच्या पंखांची टोकं शाबूत, काळी. पण मधली राखी पिसं उसवल्यासारखी लोंबत होती. पाणी आत शिरून ती अर्धी बुडाली होती. ती मान ताणून ओरडे, वर आकाशातून उत्तर येई, आणि थवा वळे. म्हणून ते जात नव्हते. ती बोलावत होती आणि ते तिच्यावाचून निघत नव्हते.

आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं, परत दिली.

"बरी व्हईल?"

"नाही आप्पा. नवी पिसं येईपर्यंत पाण्यात टिकणार नाही. आणि ते तिच्याजवळ उतरले तर..." तिने दुर्बीण काठावर ठेवली. "आवाज बंद व्हायला हवा तिचा. मी जाते. मी करते ते."

आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी जन्मात मुंगीसुद्धा मुद्दाम मारली नव्हती. ते म्हणाले, "तू काय करणार ते मला कळतंय. थांब. तू वर बघ."

ते पाण्यात शिरले. छातीपर्यंत पाणी. हंसीने फडफड केली, पण पंखांनी हवा पकडलीच नाही. आप्पांनी तिच्यावर उपरणं टाकलं, लेकराला गुंडाळतात तसं गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि काठाने चालत देवळाकडे निघाले. ती त्यांच्या काखेतून ओरडत होती. वर थवा त्यांच्यामागे देवळाच्या दिशेने वळला.

"महाराज!" शिवकन्या जिवाच्या आकांताने ओरडली. "गा! तिचा आवाज वर जाऊ देऊ नका! आणि पाण्यावर त्यांना टेकू देऊ नका!"

महाराजांना आता बोलताही येत नव्हतं. त्यांनी नुसते टाळ उचलले. पण चारही ठिकाणी दोघं-दोघं राहून बाकीचे लोक पळत आले आणि देवळाला वेढा घालून गाऊ लागले. देवाची नुसती नावं, एकामागून एक, मिळतील त्या सुरात. भसाडे, फाटके, सप्ताहापासून जागलेले आवाज. श्रीमंततात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मृदंगावर थापा मारत होते, तालाबिलाची शुद्ध नव्हती.

आप्पा गाभाऱ्यात शिरले आणि आतून दार ओढून घेतलं. शिवकन्या दाराला पाठ लावून उभी राहिली, डोळे आकाशाला लावून.

आत काळोख होता. आप्पा देवापुढे मांडी घालून बसले. हंसी मांडीवर. तिची छाती भात्यासारखी हलत होती, आणि तिचं अंग इतकं गरम होतं की ओल्या धोतरातून चटका बसावा. तिने मान वर केली. ती ओरडणार, हे आप्पांना कळलं. त्यांनी तिच्या चोचीभोवती हलकेच मूठ मिटली. नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या. हाक बाहेर आली नाही. पण ती त्यांच्या मुठीत थरथरली, तळव्यातून मनगटात गेली, दंडात गेली. पुन्हा एकदा. पुन्हा.

"थोडी कळ काढ, माय," ते म्हणाले. "लई थोडं. त्यांना लांब जायचंय."

बाहेर थवा देवळावरून एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. रांगेतला पहिला ओरडला आणि उत्तराची वाट पाहिली. शिवकन्याला ते थांबणं दिसलं. आकाशात कुणी थांबू शकत नाही, पण पंखांची लय अडखळली, ते तिने पाहिलं. खाली माणसं जिवाच्या कराराने गात होती. तिसऱ्यांदा तो ओरडला. मग त्याने मान सरळ केली. मागची सगळी पाखरं त्याच्या मागे आपापल्या जागी सरकली. रांग उत्तरेला लागली, टेकडीवरून गेली, लहान झाली, रेघ झाली.

"गेले का गं?" दाराआडून आप्पांनी विचारलं.

रेघ दिसेनाशी झाली, तरी ती त्या जागेकडे बघत राहिली. खूप वेळाने टाळ थांबले. कुणी सांगितलं नव्हतं, हात थांबले.

"शिवे, गेले का?"

"गेले, आप्पा."

आत आप्पांनी मूठ सोडली. हंसीने मान ताणली आणि मोठ्याने हाक मारली. गाभाऱ्याच्या दगडावर ती हाक घुमली आणि दाराबाहेर आली, जिथे सगळं गाव उभं होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, आणि पुन्हा हाक मारली.